निवृत्तीनंतर कविता, लेस आणि जलरंग : काहीच पुरे होत नाही, काय करावे?

सांजवेळ

सर्वांना नमस्कार.

मी ३४ वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले. निवृत्त होऊन आता दोन वर्षे झाली. नोकरीत असताना ज्या ज्या गोष्टींना वेळ देता येत नाही म्हणून मन हळहळत असे, त्या सगळ्या मी एकदमच हाती घेतल्या आणि आज माझ्या टेबलावर अर्धवट कामांचा ढीग साचला आहे. त्याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट कवितेची. शाळेत असताना वहीच्या मागच्या पानांवर ओळी टिपून ठेवण्याची सवय होती. निवृत्तीनंतर त्या सगळ्या एका वहीत उतरवून काढल्या आणि नव्याही पुष्कळ लिहिल्या. चाळीसेक कविता झाल्या असतील, पण त्यांतली एकही कोणाला वाचायला द्यावी असे वाटत नाही. लिहिली त्या दिवशी कविता बरी वाटते, आठवड्याने पुन्हा वाचली की धड्याखाली छापलेल्या भावार्थासारखी वाटू लागते. नमुना म्हणून चार ओळी देते :

रिकाम्या वर्गात फळा पुसला,
खडूची धूळ बोटांवर राहिली;
ज्ञान देताना आपणही थोडे झिजतो,
हेच शिक्षकाच्या आयुष्याचे सार आहे.

यात काहीतरी चुकते आहे एवढे मला कळते. दुसऱ्याची कविता असती तर मी चटकन सांगितले असते. स्वतःच्या कवितेत नेमके कोठे बोट ठेवावे ते उमगत नाही.

दुसरी गोष्ट लेसची. क्रोशाचे काम मी लहानपणी मावशीकडून शिकले. साखळी, मुका खांब, खांब ही सगळी मुळाक्षरे तिनेच गिरवून घेतली. बारा फुलांचा एक टेबलरुमाल मी फार पूर्वी विणायला घेतला होता. त्याची सात फुले तयार आहेत. त्यांतली तीन नोकरीच्या काळात विणलेली आणि चार आताची. शेजारी शेजारी मांडली तर जुनी फुले स्पष्टपणे लहान दिसतात, आणि पांढऱ्या रंगातही फरक आहे. आता ही सात फुले बाजूला ठेवून पहिल्यापासून सुरुवात करावी का? शिवाय मावशीचे टॅटिंगचे, म्हणजे दोऱ्याला गाठी घालत करायच्या लेसचे, शटल (दोरा गुंडाळून हातात धरायचे छोटे साधन) मला मिळाले आहे. पुस्तक समोर ठेवून प्रयत्न करते, गाठी दिसायला बरोबर दिसतात, पण कडे ओढून बंद करायला गेले की दोरा हलतच नाही, आणि शेवटी कात्री घ्यावी लागते.

तिसरी गोष्ट जलरंगांची. त्याचे वर्ग मी याच वर्षी सुरू केले आहेत.

उजव्या हाताच्या अंगठ्याचे मूळ अर्ध्या तासाच्या विणकामानंतर दुखू लागते आणि बारीक दोरा संध्याकाळी नीट दिसत नाही, ही अडचण वेगळीच. घरातली माणसे प्रेमाने सांगतात की आता एकच काहीतरी धर आणि ते नीट कर. ते बरोबर आहे का? ज्यांनी निवृत्तीनंतर अशा दोन-तीन गोष्टी सांभाळल्या आहेत, त्यांनी दिवस कसा लावून घेतला, हे वाचायला मला मनापासून आवडेल.

दोरागाठ

सांजवेळताई, नमस्कार. कवितेतले मला फारसे कळत नाही, पण लेस गेली वीस वर्षे करते आहे, त्यामुळे तेवढ्यापुरते लिहिते.

आधी शटलचे, कारण तुमची अडचण वाचताच कारण कळले. टॅटिंगमध्ये गाठ कोणता दोरा घालतो आणि कोणत्या दोऱ्याची गाठ पडते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण शटल डाव्या हातावरच्या दोऱ्याखालून नेतो आणि परत आणतो, तेव्हा सुरुवातीला शटलचा दोरा हातावरच्या दोऱ्याभोवती गुंडाळला जातो. ही गाठ तशीच आवळली तर ती दिसायला अगदी बरोबर दिसते, पण ती कायमची अडकलेली असते. त्या क्षणी डाव्या हाताचे मधले बोट खाली झुकवून हातावरचा दोरा सैल सोडायचा आणि शटलचा दोरा सरळ, ताठ ओढून धरायचा. तसे केले की वळसा एका दोऱ्यावरून दुसऱ्या दोऱ्यावर उडी मारतो आणि हातावरचा दोरा शटलच्या दोऱ्याभोवती बसतो. ही उडी बोटांना जाणवते. त्यानंतरच मधले बोट उचलून गाठ जागेवर सरकवायची. अर्ध्या गाठी दोन, त्या मिळून एक पूर्ण गाठ, आणि दोन्ही अर्ध्या गाठींना ही उडी लागते. कड्यातल्या एका जरी अर्ध्या गाठीने उडी घेतली नाही, तरी अख्खे कडे तिथेच अडते.

सरावासाठी एक युक्ती सांगते. शटलवर लाल दोरा भरा आणि डाव्या हातावर पांढरा दोरा घ्या. कडे न करता नुसती सरळ माळ करा. गाठी पांढऱ्या दिसल्या आणि लाल दोरा त्यांच्या पोटातून सरळ गेलेला असला, तर तुमचे बरोबर आहे. मध्येच एखादी लाल गाठ दिसली, तर नेमकी तीच चुकली. प्रत्येक गाठीनंतर शटलचा दोरा थोडा पुढेमागे ओढून पाहायची सवय लावा. क्रोशामध्ये चूक झाली तर सुई काढून दोरा ओढला की उसवता येते. टॅटिंगमध्ये आवळलेली गाठ टाचणीने सोडवावी लागते आणि बंद झालेले कडे उघडणे फारच जिकिरीचे असते. म्हणून तिथे जागच्या जागी तपासण्याला पर्याय नाही. जाड, म्हणजे १० क्रमांकाच्या दोऱ्यावर शिका. दोऱ्याचा क्रमांक वाढतो तसा दोरा बारीक होतो, हे तुम्हाला ठाऊकच असेल. अनेक जण शटलला शोभेल म्हणून पहिल्याच दिवशी ८० क्रमांकाचा दोरा घेतात आणि गाठ दिसत नाही म्हणून सोडून देतात.

आता फुलांचे. कृपा करून ती सात फुले बाजूला ठेवू नका. माणसाचा हात वर्षांनुसार बदलतो, ताण बदलतो, आणि एकाच सुईने एकाच दोऱ्यावर विणलेले फूलसुद्धा दहा वर्षांनी वेगळ्या मापाचे होते. फरक थोडा असेल तर तो ताणून घालवता येतो. आलेखाच्या कागदावर फुलाची बाहेरची रेघ एकदा काढून घ्या, तो कागद जाड पुठ्ठ्यावर ठेवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक पसरा, ओले केलेले फूल त्या रेघेपर्यंत ओढून गंज न धरणाऱ्या टाचण्यांनी टाचा आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. हवी तर पातळ खळ द्या. सातही फुले एकाच रेघेवर वाळली की निम्मा फरक तिथेच जाईल. पांढऱ्या रंगाचा फरक मात्र दोऱ्याच्या लॉटमुळे आणि वयामुळे पडतो. सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात सगळी फुले एकत्र भिजवून पाहा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा. तरीही फरक उरला तर जुनी तीन मध्यभागी आणि नवी भोवतीने अशी मांडा, म्हणजे ती रचना मुद्दाम केल्यासारखी दिसेल.

आणि माप मुळीच जुळले नाही, तरी एक जुनी रीत आहे. आयर्लंडमध्ये १८४० च्या दशकातल्या दुष्काळात क्रोशाची लेस हा असंख्य कुटुंबांचा आधार झाला. त्या लेसमध्ये फुले, पाने, वेलींचे तुकडे सुटे सुटे विणतात, निरनिराळ्या हातांनी विणलेले निरनिराळ्या मापांचे तुकडेही चालतात. मग ते कापडावर हवे तसे उलटे टाचतात आणि मधली मोकळी जागा साखळ्यांच्या जाळीने भरत जातात. शेवटी कापड काढून टाकले की लेस एकसंध होते. तुमच्या सात असमान फुलांसाठी मला तर हीच रीत जास्त आवडेल. बारा फुलांचा हिशोब सोडा. सातच फुलांचा रुमाल होऊ द्या.

राहिलेली फुले विणायचीच असतील, तर प्रत्येक नवे फूल शेवटच्या फेरीतच शेजारच्या फुलाला जोडत चला. सगळी फुले विणून शेवटी जोडू म्हटले, की ती डब्यातच राहतात. फेरीतच जोडले, तर तिसऱ्या दिवशीसुद्धा हातात एक अख्खी वस्तू असते, मग ती लहान का असेना.

पानवही

ताई, तुमच्या चार ओळी मी मोठ्याने तीन वेळा वाचल्या. पहिल्या दोन ओळी कवितेच्या आहेत आणि पुढच्या दोन वर्गातल्या आहेत. इतके सरळ लिहिल्याबद्दल राग मानू नये. ज्या कोणी दीर्घकाळ शिकवले आहे त्या प्रत्येकाच्या लिहिण्यात हे घडते आणि मी स्वतः त्यातून गेलो आहे.

वर्गात आपण एखादी गोष्ट दाखवतो आणि लगेच तिचा अर्थ सांगतो, कारण मागच्या बाकावरच्या मुलापर्यंत तो पोहोचला पाहिजे ही आपली जबाबदारी असते. ती जबाबदारी आपण तीन तीन दशके मनापासून पार पाडली, म्हणून ती हाताच्या वळणात उतरली. कवितेच्या वाचकाला मात्र मागच्या बाकावर बसवून चालत नाही. बोटांवरची धूळ त्याने पाहिली की झिजणे, देणे, संपणे हे सगळे तो आपल्या आपण अनुभवतो. तेच आपण पुढच्या ओळीत सांगून टाकले, तर त्याला करायला काहीच उरत नाही. तुम्हाला आठवड्याने कविता भावार्थासारखी वाटते, कारण तिच्यात खरोखरच कविता आणि तिचा भावार्थ असे दोन्ही एकाखाली एक लिहिलेले आहे.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की वहीतल्या चाळीसही कवितांच्या शेवटच्या दोन ओळी पट्टीने झाकून वाचा. निम्म्या कविता तिथल्या तिथे सुधारलेल्या दिसतील. बाकीच्यांना शेवट लागेल, पण तो शेवट अर्थाचा नको, वस्तूचा हवा. त्या दिवशी ते धुळीचे हात घेऊन तुम्ही कोठे गेलात? कशाला हात लावला? पदराला, पिशवीला, दाराला? हात धुतलेत का, आणि केव्हा? तुमच्या आठवणीत याचे उत्तर असणारच. 'आयुष्याचे सार' हे शब्द लिहिण्याची इच्छा झाली, की तिथे हाताला लागलेल्या एखाद्या खऱ्या वस्तूचे नाव लिहून पाहावे.

दुसरी गोष्ट छंदाची. तुम्ही यमाताराजभानसलगम् हे गण ओळखण्याचे सूत्र शेकडो मुलांकडून पाठ करून घेतले असेल, भुजंगप्रयाताचे चार य-गण, बारा अक्षरे, वीस मात्रा फळ्यावर लिहून दाखवल्या असतील. तरीही आपण स्वतः लिहिताना मुक्तच लिहितो, आणि मुक्त लिहिण्यात समजावून सांगायला हवी तेवढी जागा मिळते. या सवयीवर मला जे औषध लागू पडले ते अभंगाचे. मोठ्या अभंगाच्या चौकात, म्हणजे चार चरणांच्या कडव्यात, सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी यमक, बस्स. बावीस अक्षरांत दृश्य उभे करायचे म्हटले की विवेचनाला जागाच राहत नाही, आणि चौथा चरण चार अक्षरांतच थांबतो म्हणून ओळ लटकती राहते आणि ऐकणाऱ्याला पुढे नेते. इथे लघु-गुरूचे बंधन नाही, अक्षरेच मोजायची आहेत. त्यामुळे गणवृत्तांसारखी शब्दांची ओढाताण होत नाही. तुमच्या चार ओळी या मापात घालून पाहाल का? चांगल्या झाल्याच पाहिजेत असे नाही. माप काय काय बाहेर काढायला लावते, एवढेच पाहायचे.

लाल शाईबद्दल एक सांगायचे राहिले. पहिला खर्डा लिहीत असताना शुद्धलेखन तपासू नका. ऱ्हस्वदीर्घ आपल्याला झोपेतही कळतात, ते कोठे जात नाही. पण ओळ अर्धी लिहून झाली नाही तोच तिच्यावर खूण करणारा हात शेजारी बसला असेल, तर ओळ पुढे यायला घाबरते. मी खर्डा पेन्सिलीने लिहितो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ती वही उघडत नाही. वही निराळी, तपासण्याचा दिवसही निराळा.

चौकट

माझे मत इथल्या इतरांपेक्षा थोडे वेगळे आहे, ते स्पष्टपणे मांडतो. घरची माणसे म्हणतात त्यात तथ्य आहे. सगळ्या गोष्टी सारख्याच निष्ठेने होत नाहीत. कविता आणि लेस या तुमच्या लहानपणापासूनच्या आहेत, तुमच्या लिहिण्यात त्यांच्याबद्दल सविस्तर परिच्छेद आहेत आणि जलरंगांवर दोन वाक्ये आहेत. तेवढ्यावरूनच उत्तर मिळते असे मला वाटते. रंगांचे वर्ग एक वर्ष थांबवा. रंग वाट पाहू शकतात. अंगठा आणि डोळे फार काळ वाट पाहतील याची खात्री नाही.

सांजवेळ

सर्वांचे मनापासून आभार. चौकट यांनी दाखवून दिलेले वाचून मी माझेच लिहिणे पुन्हा पाहिले आणि ते खरे आहे. रंगांच्या वर्गाला मी गेले, कारण मैत्रिणी जात होत्या. याचा विचार करते. लाल-पांढऱ्या दोऱ्याचा प्रयोग आज दुपारीच करून पाहणार आहे. दिवस कसा लावावा याबद्दल मात्र अजून कोणी लिहिले नाही. शाळेच्या तासिकांप्रमाणे वेळापत्रक करून पाहिले होते, पण तासिका सुरू झाली म्हणून कविता सुचत नाही, आणि सुचली तेव्हा लेसची तासिका चालू असते.

निळीशाई

मीही शिक्षिकाच होते, गणिताची. निवृत्तीला अकरा वर्षे झाली. पहिल्या वर्षी मीसुद्धा वेळापत्रक करून भिंतीवर लावले आणि दुसऱ्या महिन्यात उतरवले. माझ्या अनुभवात घड्याळाप्रमाणे वाटणी करण्यापेक्षा कामाच्या जातीप्रमाणे वाटणी केलेली टिकते.

विणकामातही दोन जातींच्या ओळी असतात. एक मोजणीची ओळ, जिथे नमुना बदलतो, टाके वाढवायचे किंवा कमी करायचे असतात, आणि मन तिळभरही हलवून चालत नाही. दुसरी हाताची ओळ, जी हात आपोआप विणतो. जाळीची सरळ फेरी, साखळ्यांची झालर वगैरे. मोजणीच्या ओळी मी सकाळी उजेडात आणि ताज्या डोळ्यांनी विणते, त्या वेळी दुसरे काहीही करत नाही. हाताच्या ओळी दुपारसाठी राखून ठेवते, आणि त्या वेळी शेजारी एक छोटी वही उघडी असते. हात लयीत चालू असताना मनात शब्द येतात, हा अनुभव तुम्हालाही असेल. आलेले शब्द टिपायचे, कविता करायला बसायचे नाही, आणि फेरी पुरी करायची. त्या टिपणांची कविता दुसऱ्या दिवशी करायची. तुमच्या दोन्ही आवडी एकमेकींच्या आड येतात असे तुम्हाला वाटते आहे, त्याचे कारण मला तरी एवढेच दिसते की मोजणीच्या ओळीच्या वेळी तुम्ही कवितेला वाट करून देत आहात. जागा थोडी बदलून पाहा.

काम पुरे होत नाही याचे दुःख मलाही होत असे. मग फ्रान्समधल्या आलाँसाँ या गावच्या सुईच्या लेसबद्दल वाचनात आले. युनेस्कोने २०१० साली त्या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. एक चौरस सेंटिमीटर लेस विणायला सुमारे सात तास लागतात आणि ती कला पूर्ण आत्मसात करायला सात ते दहा वर्षे जातात. नखाएवढ्या तुकड्याला एक अख्खा दिवस. आणि हे यंत्राची लेस उपलब्ध असताना. जॉन हीथकोट यांनी १८०९ साली जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, त्याला आता दोनशे वर्षे उलटून गेली. हाताने विणणारी माणसे ती हळू आहे हे माहीत असूनच विणतात. ते वाचल्यापासून मी दिवसाकाठी किती विणले हे मोजणे बंद केले आणि त्या दिवशी विणलेल्या ओळीत चूक आहे का, एवढेच पाहू लागले. तुमची सात फुले हे फार मोठे काम आहे, ताई.

हात आणि डोळ्यांबद्दल थोडे. वाचनाचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटर अंतरासाठी केलेला असतो, आपण लेस मात्र त्याहून जवळ धरतो. त्यामुळे चष्मा असूनही दोरा पुसट दिसतो. विणताना काम डोळ्यांपासून किती अंतरावर असते ते कोणाकडून तरी पट्टीने मोजून घ्या आणि तपासणीला जाताना तो आकडा सोबत न्या. त्या अंतराचा वेगळा चष्मा केल्यावर माझे संध्याकाळचे काम पुन्हा सुरू झाले. पांढरा दोरा विणताना मांडीवर गडद कापड पसरा आणि दिवा अशा बाजूला ठेवा की सुई धरलेल्या हाताची सावली कामावर पडणार नाही. अंगठ्यासाठी सुईच्या दांड्यावर जाड मूठ चढवा. बारीक सुई चिमटीत घट्ट धरण्यानेच अंगठ्याच्या मुळावर सगळा भार येतो. दर वीस मिनिटांनी हात खाली ठेवा, दुखायला लागण्याची वाट पाहू नका. रात्री अंगठा आणि शेजारची बोटे बधिर होत असतील किंवा मुंग्या येत असतील, तर मात्र घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवा, कारण मनगटातली शीर दाबली जात असेल तर ते वेळीच कळलेले बरे.

दोरागाठ

निळीशाई यांनी लिहिलेल्या दोन जातींच्या ओळींशी मी पूर्ण सहमत आहे. एकच भर घालते. टॅटिंगला हाताची ओळ येण्यासाठी निदान काही महिने जावे लागतात, तोपर्यंत तिथली प्रत्येक गाठ मोजणीची समजा. शेजारी वही नको.

सांजवेळ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

लाल आणि पांढऱ्या दोऱ्यावर पहिल्या दिवशी जी माळ केली, तिच्यात सतरा गाठींपैकी अकरा लाल निघाल्या. म्हणजे इतके दिवस माझ्या बहुतेक गाठींनी उडी घेतलीच नव्हती. मधले बोट झुकवायचे म्हणजे किती, ते चौथ्या दिवशी समजले. बोट पूर्णपणे सैल सोडावे लागते, आणि मी ते अर्धेच सोडत होते. मागच्या शुक्रवारी पहिले कडे बंद झाले. ओढता ओढता ते गोल होत गेले आणि दोन्ही टोके एकमेकांना टेकली, तेव्हा मी ते हातात तसेच धरून कितीतरी वेळ बसून राहिले. मावशीच्या हातात हे किती सहज होत असे! ते कडे मी तिच्या शटलच्या डबीतच ठेवले आहे.

सात फुले धुऊन, रेघेवर टाचून वाळवली. माप पुष्कळ जवळ आले, रंगाचा फरक मात्र राहिला. आता निळ्या कापडावर उलटी टाचून ठेवली आहेत, जुनी तीन मध्यभागी, आणि जाळी भरायला सुरुवात केली आहे. बारा फुलांचा विचार सोडून दिला. रंगांच्या वर्गाला पुढच्या सत्रापासून जाणार नाही असे कळवले, आणि ते कळवल्यावर मला हलके वाटले, यावरून चौकट यांचे म्हणणे बरोबर होते असे समजते. चष्म्यासाठी अंतर मोजून घेतले, ते २८ सेंटिमीटर निघाले.

पानवही, तुम्ही विचारले होते की ते हात घेऊन मी कोठे गेले. जाळीची फेरी चालू असताना एका दुपारी ते आठवले. निवृत्तीच्या दिवशी हात न धुताच मी घरी आले होते आणि दाराच्या कडीवर माझ्याच बोटांचे पांढरे ठसे उमटले होते. ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले आणि क्षणभर ओळखलेच नाहीत. सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरे मोजत बसले. दोन दिवस लागले. शेवटी 'सार' हा शब्द लिहिण्याचा मोह पुन्हा झाला होता, तिथे कडी लिहिली. खालच्या दोन्ही चौकांवर तुमचे मत हवे आहे, विशेषतः पहिल्या चौकातल्या 'फळा' आणि 'शाळा' या यमकावर, कारण ते मला अजून थोडे ढिले वाटते :

रिकाम्या वर्गात । पुसलेला फळा ।
शांत झाली शाळा । धूळ हाती ॥

घरच्या कडीला । पांढरे हे ठसे ।
कोणी आले असे । वाटे दारी ॥

पानवही

यमक ढिले असले तरी राहू द्या. पहिल्या चौकात तुम्ही अजून शाळेत आहात, तिथे ते चालते. दुसऱ्या चौकातले एक अक्षरही हलवू नका. वहीतल्या उरलेल्या एकोणचाळीस कवितांपैकी पुढची कोणती घेता आहात?